एएनएम झालं, आता जीएनएम करू का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएमचे (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे स्टाफ नर्स व्हायचा डिप्लोमा) फॉर्म सुटले की एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, उपकेंद्रावरची गावची नर्स) सिस्टर लोकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात, कोणी पुसदकडची, कोणी धारणीची, कोणी आरमोरीची, पण प्रश्न सारखेच. मी स्वतः एएनएम होती, उपकेंद्रावर राहिली, मग जीएनएम केलं आणि आता ग्रामीण रुग्णालयात वॉर्डात आहे. दोन्ही बाजू पाहिल्या म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

ताई, एका वाक्यात सांगा ना, करू का नको?

एका वाक्यात सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण तुम्ही आत्ता कुठल्या खुर्चीवर बसल्या आहात त्यावर सगळं आहे. खाजगी दवाखान्यात आठ-दहा हजारावर राबत असाल आणि वय तिशीच्या आत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, करा, आणि याच वर्षी करा. जिल्हा परिषदेत कायम आरोग्य सेविका असाल, दहा-बारा वर्षं झाली असतील, तर घाई करू नका, आधी हिशोब मांडा. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी सिस्टरचं सगळ्यात अवघड आहे, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

एएनएमचे दोन वर्षं जीएनएममध्ये धरत नाहीत का? डायरेक्ट सेकंड इयरला जाता येते म्हणतात.

नाही येत. कोणी तसं सांगत असेल तर तो एजंट आहे असं समजा. जीएनएम तीन वर्षांचं आहे, त्यातच शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, आणि एएनएमलाही पहिल्या वर्षापासूनच बसावं लागते. फायदा दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे बाकीच्यांना बारावीला ४० टक्के लागतात पण नर्सिंग कौन्सिलला नोंदणी असलेल्या एएनएमला पास मार्क चालतात. दुसरा वयाचा, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमला ३५ ची अट आहे पण एएनएम आणि एलएचव्हीला (आरोग्य सहाय्यिका) वयाची अट नाही. तिसरा फायदा कागदावर कुठे दिसत नाही पण खरा आहे, तुमचा हात बसलेला असते. पहिल्या वर्षाच्या पोरी इंजेक्शनची सिरिंज धरताना थरथरतात, तुम्ही तेव्हा व्हेन शोधून मोकळ्या झालेल्या असता.

वयाची अट नाही म्हणजे चाळिशीत केलं तरी चालते ना?

अॅडमिशन मिळेल हो, पण इथेच कितीतरी जणी फसतात म्हणून नीट वाचा. अॅडमिशनची अट वेगळी आणि सरकारी भरतीची वेगळी. महाराष्ट्रात सरळसेवेला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही सर्वसाधारण मर्यादा आहे. तुमचं आज ३६ चालू आहे, खुल्या प्रवर्गात आहात, तीन वर्षं शिकल्या, निकाल आणि नोंदणीत आणखी काही महिने गेले, तर ३९ ओलांडून जाईल आणि कायम पदाचा फॉर्मच भरता येणार नाही. आणि भरती दर वर्षी निघत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहीतच आहे. म्हणून आजच्या वयात चार मिळवा आणि मग बघा किती वर्षं हातात उरतात. दोन-तीन भरत्यांची संधी उरत असेल तरच सरकारी नोकरीच्या भरोशावर पाऊल टाका.

पगारात किती फरक पडते?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आरोग्य सेविकेची सुरुवात मूळ वेतन २५,५०० (वेतनस्तर एस-८) पासून होते आणि अधिपरिचारिका, म्हणजे आपली स्टाफ नर्स, तिची ३५,४०० (एस-१३) पासून. जवळपास दहा हजाराचा फरक तो फक्त मूळ वेतनात, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं.

पण कायम असलेल्या सिस्टरनं इथे थांबून बघावं. एस-८ मध्ये दर वर्षी एक इन्क्रिमेंट धरलं तर अकरा इन्क्रिमेंटनंतर मूळ वेतन ३५,३०० होते. म्हणजे अकरा-बारा वर्षं सेवा झालेली आरोग्य सेविका आज जवळपास तिथेच उभी आहे जिथून नवीन स्टाफ नर्स सुरुवात करते, शिवाय आश्वासित प्रगती योजनेत (पदोन्नती नसली तरी वरचा वेतनस्तर देणारी) दहा वर्षांनंतरचा लाभ मिळाला असेल तर पुढेच. पुढे स्टाफ नर्सचा चढ मोठा आहे हे खरं, पण त्यासाठी मधल्या तीन वर्षांचा पगार गेला तर तो भरून निघायला किती वर्षं लागतील ते स्वतःच्या पगारपत्रकावर मांडून बघा.

मी एनएचएममध्ये कंत्राटी एएनएम आहे. सोडू का?

एनएचएमच्या बऱ्याच जाहिरातींमध्ये एएनएमला १८,००० आणि स्टाफ नर्सला २०,००० मानधन लिहिलेलं असते. दोन हजार. फक्त या दोन हजारासाठी तीन वर्षं मानधन सोडून फी भरायला जाऊ नका, कंत्राटातून कंत्राटात जाण्यासाठी जीएनएम महागच पडते. जायचं असेल तर कायम स्टाफ नर्सची भरती डोळ्यासमोर ठेवून जा.

आणि अजून एक, १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १० वर्षं सेवा झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर समायोजित करायची तरतूद आली. अंमलबजावणी किती रखडली, त्यासाठी किती आंदोलनं झाली ते तुम्ही पाहिलंच, पण ज्यांची आठ-नऊ वर्षं झाली आहेत त्यांनी राजीनामा देण्याआधी दहादा विचार करावा, कारण सेवेत खंड पडला की ती मोजणीच हातची जाते. दोन-तीन वर्षंच झाली असतील तर मात्र फार गुंतून पडू नका.

मी झेडपीत कायम आहे पण शिकायची फार इच्छा आहे.

मग राजीनामा नाही, परवानगी. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी असा पाठवा आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. रजेचं काय होणार, पगारी का बिनपगारी, ज्येष्ठतेवर काय परिणाम, हे आस्थापनेच्या लिपिकाकडून लेखी घ्या, तोंडी "होऊन जाईल मॅडम" यावर जाऊ नका. तुमच्याकडे पदोन्नतीची दुसरी वाटही आहेच, आरोग्य सहाय्यिका म्हणजे एलएचव्ही, ती जीएनएम न करता सेवाज्येष्ठतेनं मिळते. फील्डवरच राहायला आवडत असेल तर ती वाट काही कमी नाही.

काम खरंच वेगळं असते का? आम्ही तं आत्ताच सगळं करतो.

हा प्रश्न कमी जणी विचारतात आणि मला विचाराल तर पगाराच्या आधी हाच विचारायला पाहिजे.

उपकेंद्रावर तुम्ही मालकीण असता. सपाट भागात पाच हजार लोकसंख्या, मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात तीन हजार, पण त्यातलं प्रत्येक घर तुम्हाला माहीत असते. कोणाच्या बाळाचं पेंटा लसीचं दुसरं इंजेक्शन राहिलं, कोणती गरोदर बाई माहेरी गेली, कोणाच्या घरी सिकलसेल आहे, सगळं तोंडपाठ. सकाळी आईसपॅक बाहेर काढून हलवून पाणी वाजते का बघायचं, मग व्हॅक्सिन कॅरिअर भरायचा, आशाताईला फोन करायचा, अंगणवाडीत बसायचं. निर्णय तुमचा, वेळ तुमची, आणि अडचण आली तर एकट्या पण तुम्हीच.

वॉर्डात घराचं नाव माहीत नसते, बेडचा नंबर माहीत असते. एक उदाहरण देते म्हणजे नीट समजेल. उपकेंद्रावर रात्री बीपी वाढलेली, डोकं दुखते म्हणणारी, झटका आलेली गरोदर बाई आली की एएनएम म्हणून आपलं काम ठरलेलं आहे, मॅगसल्फचा (झटके थांबवायचं औषध) पहिला डोस, पाच ग्रॅम एका कुल्ल्यात आणि पाच दुसऱ्यात, १०८ ला फोन, रेफर चिठ्ठी, सोबत कोणी नसेल तर स्वतः गाडीत बसायचं. तिला गाडीतून उतरवून दिलं की आपला जीव भांड्यात पडते. स्टाफ नर्सचं काम ती बाई गाडीतून उतरली की सुरू होते. डॉक्टरच्या ऑर्डरप्रमाणे आयव्ही डोस हळूहळू द्यायचा, मग दर चार तासाच्या डोसआधी गुडघ्यावर टकटक केलं की पाय उडते का बघायचं, श्वास मिनिटाला सोळाच्या वर आहे का मोजायचे, लघवी तासाला तीस एमएलपेक्षा कमी झाली का ते युरोबॅगवर बघायचं, यातलं एकही बिघडलं तर डोस थांबवून डॉक्टरला उठवायचं आणि मॅगसल्फवरचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. आणि हे करताना त्याच वॉर्डात अजून वीस-पंचवीस पेशंट असतात, कोणाची सलाईन संपली, कोणी नुकतंच ओटीतून आलं, कोणाचे नातेवाईक दारात उभे.

मला हे काम आवडलं, कारण पेशंटला शेवटपर्यंत बघता येते, रेफर केल्यावर तिचं पुढे काय झालं हा घोर राहत नाही. पण माझ्यासोबत शिकलेल्या काही जणींना गावातली मोकळी हवा आठवते, सकाळ-दुपार-रात्र ड्यूटीच्या चक्रात झोप कायमची बिघडते, सणाला घरी नसणं नेहमीचं होते. तुम्हाला कोणतं काम केल्यावर बरं वाटते ते आधी बघा. शक्य असेल तर ओळखीच्या स्टाफ नर्ससोबत जिल्हा रुग्णालयात एखादी रात्र बसून या, इन्चार्ज सिस्टरला विनंती केली तर बहुतेक हो म्हणतात.

खाजगी दवाखान्यात मी ओटी, आयसीयू सगळं बघते. मग कागदाची काय गरज?

काम येते, मान्य, कधीकधी नवीन जीएनएमपेक्षा जास्त येते. पण काही कमीजास्त झालं आणि चौकशी लागली तर पहिला प्रश्न हाच येते की ड्यूटीवरच्या नर्सचं रजिस्ट्रेशन काय. एएनएमचं शिक्षण प्रसूती, लसीकरण, कुटुंब नियोजन, गावातलं आरोग्य यासाठी आहे, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी नाही. दवाखाना स्वस्तात काम करून घेते आणि जोखीम तुमच्या नावावर राहते. म्हणून खाजगीत असलेल्यांना मी जोर देऊन सांगते, जे काम करताच आहात त्याचं आरएन-आरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) रजिस्ट्रेशन आणि त्याचा दाम दोन्ही घ्या.

मराठी मीडियममधून झालं सगळं. इंग्रजी जमेल काय बाप्पा?

जमते. पहिले चार-पाच महिने जड जातात, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीची पुस्तकं पाहून रडू येते, मग शब्द ओळखीचे होतात. नर्सिंगचं इंग्रजी म्हणजे तेच तेच हजार-दीड हजार शब्द फिरून फिरून येतात, आणि त्यातले निम्मे तुम्ही रजिस्टरमध्ये आधीच लिहिता.

माझ्या मते इंग्रजीपेक्षा गणिताची तयारी आधी करा. ५०० एमएल सलाईन ८ तासात द्यायची, सेट २० थेंबाला १ एमएलचा, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१ थेंब. हे कागदाशिवाय यायला पाहिजे, परीक्षेतही विचारतात आणि रात्री दोन वाजता वॉर्डातही लागते.

दुसऱ्या वर्षी मेडिकल सर्जिकल, मेंटल हेल्थ आणि चाइल्ड हेल्थ, हे वर्ष सगळ्यात जड. तिसऱ्या वर्षी मिडवायफरी येते तेव्हा तुम्ही वर्गाच्या पुढे असाल.

लेकरू लहान आहे, घरचे तयार नाहीत.

कठीण आहे आणि यावर गोड बोलून काही होत नाही. जीएनएम फुलटाइम आहे, हजेरी थिअरीला ८० टक्के लागते, आणि प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणजे सुट्टी पडली की ती ड्यूटी नंतर भरून काढावी लागते. बहुतेक ठिकाणी हॉस्टेलवर राहावं लागते. मधात बाळंतपण आलं तर बॅच मागे पडते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरात नावानिशी ठरवा. लेकराला शाळेतून कोण आणणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, सोयाबीन काढायच्या दिवसात सासूबाई वावरात गेल्या तर घरी कोण. "होऊन जाईल" असं नाही, माणसाचं नाव पाहिजे. नवऱ्याला सोबत नेऊन कॉलेज आणि हॉस्टेल दाखवा, डोळ्यांनी पाहिलं की निम्मा विरोध कमी होते. आणि खरंच कोणी धरणारं नसेल तर लेकरू शाळेत जाईपर्यंत थांबा, दोन वर्षं थांबणं हे पहिल्या वर्षी सोडून येण्यापेक्षा बरं, कारण मधात सोडलं तरी पूर्ण फी मागणारी कॉलेजं आहेत आणि ओरिजिनल कागद अडकतात ते वेगळेच.

घरबसल्या जीएनएम होते म्हणे, फक्त परीक्षेला जायचं?

नाही होत. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन जीएनएम नसतेच. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात नाव टाकतो, हजेरीची चिंता नको असं सांगणारे एजंट यवतमाळपासून गोंदियापर्यंत फिरतात, पैसे घेतात, आणि पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणीची वेळ आली की कागद उभे राहत नाहीत. आणि समजा नोंदणी झालीही, न शिकता वॉर्डात उभं राहून पेशंटच्या नसेत औषध कसं सोडणार?

कॉलेज खरं आहे का ते कसं पाहू?

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या वेबसाइटवर त्या वर्षाच्या यादीत नाव आणि जागा बघा, जुन्या वर्षाची यादी चालत नाही. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का विचारा. मग एकच प्रश्न, मुलींना क्लिनिकलला कुठे पाठवता? कॉलेजनं स्वतःच्या दवाखान्याचं नाव सांगितलं तर तिथे जाऊन बघा पलंगावर पेशंट आहेत का. विदर्भात या बाबतीत सरकारी मेडिकल कॉलेजं, जिल्हा रुग्णालयं आणि सेवाग्रामसारख्या मोठ्या दवाखान्यांशी जोडलेल्या जागा मिळाल्या तर दुसरा विचार करू नका, पेशंट भरपूर असतात आणि हात तिथेच तयार होते.

फीचं कसं?

सरकारीत फी नावापुरती. खाजगीत हॉस्टेल-मेस धरून तीन वर्षांचा हिशोब लाखांत जाते. फी लेखी मागा, तीन वर्षांची पूर्ण, युनिफॉर्म, परीक्षा, क्लिनिकलच्या गाडीसकट. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी सगळ्यांनी महाडीबीटीवर (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) त्या वर्षीचं बघायचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली, पण मॅनेजमेंट कोट्यातून घुसलं तर तो लाभ नाही. म्हणून कॉलेजवाले "फॉर्म आमच्याकडेच भरा" म्हणत असले तरी तुमचा कोर्स आणि कॉलेज महाडीबीटीच्या यादीत आहे का ते आधी स्वतः उघडून बघा.

माझी बारावी सायन्स बायोलॉजीची आहे. जीएनएम का बीएस्सी?

वय कमी असेल तर सरळ बीएस्सी नर्सिंगचा विचार करा. चार वर्षांचं आहे, सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते, भौतिक-रसायन-जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. एएनएम, मग जीएनएम तीन वर्षं, मग पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षं, शेवटी पदवी तीच. आर्ट्सच्या मुलींना जीएनएम आणि मग पोस्ट बेसिक हीच वाट आहे, आणि ती चांगली वाट आहे. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओचं डोक्यात असेल तरी पदवी घेतलेली बरी, केंद्राच्या सूचनांमध्ये जीएनएमही बसते पण महाराष्ट्रात संधी बीएस्सीवाल्यांनाच जास्त.

जीएनएम बंद होणार आहे ना?

हे बरीच वर्षं ऐकतोय. कौन्सिलनं मधात बंद करायचं ठरवलं होतं, मग मागे घेतलं. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदाही झाला. पण ज्यांची नोंदणी झाली त्यांची नोंदणी जात नाही.

एम्स, परदेश?

एम्सच्या नॉरसेटला (तिथली नर्स भरतीची परीक्षा) जीएनएम चालते, पण सोबत किमान ५० खाटांच्या दवाखान्यातला दोन वर्षांचा अनुभव लागते. आपली ग्रामीण रुग्णालयं बहुतेक ३० खाटांची, तिथला अनुभव धरत नाहीत, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचा धरतात, हे नोकरी निवडतानाच लक्षात ठेवा. वयही साधारण ३० पर्यंतच. नागपूरला मिहानमध्ये एम्स झाल्यापासून आपल्या पोरींना हे जवळ आलंय. परदेशात एएनएमला नर्स म्हणून घेत नाहीत, जीएनएमला आखातात काही वाटा आहेत पण तिकडेही पदवी मागणं वाढलंय.

मग गाव सोडावंच लागते का?

शिकताना हो, नंतर प्रत्येकीला नाही. २०२४ मध्ये अमरावती, बुलढाणा, वाशिम, भंडारा आणि गडचिरोलीला नवीन सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, म्हणजे जिल्ह्यातच स्टाफ नर्सच्या जागा वाढतात. पण बदली होते, आणि पहिली पोस्टिंग तुमच्या तालुक्यात मिळेल हे कोणी सांगू शकत नाही.

फॉर्मआधी कोणते कागद तयार ठेवू?

दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, एएनएमच्या तिन्ही गोष्टी म्हणजे मार्कशीट, सर्टिफिकेट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, ते दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असते तर तारीख आत्ताच बघा. डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र), नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, नोकरीत असाल तर ना हरकत आणि अनुभवाचं पत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा लग्नाचं प्रमाणपत्र. व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागते, आणि नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर एक आणि आधारवर दुसरं असलं तर आधी ते दुरुस्त करून घ्या, आपल्याकडे आडनावाच्या एका वेलांटीवरून शिष्यवृत्ती अडकते. सेतू केंद्रात फॉर्मच्या दिवसात रांग असते, फेब्रुवारी-मार्चमध्येच जाऊन या.